भूमियाच्या सांडाला दिलेला डाग

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "दत्तूभाऊ, यंदा तुमचा लेख हवा. नोकरीतले अनुभव."

मी म्हटलं, "बाई, गेल्या वर्षी अंकात एका जॉइंट सेक्रेटरी साहेबांनी लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी हार्टच्या डॉक्टरांनी. मी आयुष्यभर बैल खच्ची केले. लोक चकली खाता खाता वाचणार आहेत."

"चालेल हो. तुम्ही सगळं हसत हसत सांगता ना."

तेच तर. मी हसत हसत सांगतो. त्याच खोडीनं एकदा एका माणसाचं काय केलं ते सांगायचंय, म्हणून हो म्हटलं. बाईंना हे बोललो नाही, नाहीतर त्यांनी माझी पानं दुसऱ्या कुणाला दिली असती.

मला लिहिता येत नाही. सही येते. मी बोलतोय आणि माझी मुलगी मुक्ता लिहून घेतेय, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर. मुक्ता दिल्लीतच वाढली. मी "गोऱ्हा" म्हटलं की तिचं पेन थांबतं. "पप्पा, गोऱ्हा म्हणजे?" "बछडा गं." "मग बछडा म्हणा ना." चलो, पण लिही गोऱ्हा.

माझे वडील साताऱ्याकडचे. एका मराठी साहेबांबरोबर दिल्लीला आले ते इथलेच झाले. लक्ष्मीबाई नगरला साहेबांच्या क्वार्टरमागच्या खोलीत आम्ही राहायचो. मला पहाडगंजला मराठी शाळेत घातलं. चौथीत मी इतक्या वेळा बसलो की शेवटी बाकाखालून पाय पुढच्या पोराला लागायला लागले. मास्तरांचा काही दोष नाही, दगडावर किती घासणार? पण एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घोटून घेतली. सही. म्हणाले, "दत्ता, तुझा अंगठा मी लावू देणार नाही." ती सही मला पुढे फार महागात पडली, पण त्यांनी चांगल्या मनानं शिकवली.

मग साहेबांनी एका सरकारी गुरांच्या फार्मवर चिठ्ठी दिली. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "जानवर संभाले हैं?"

मी म्हटलं, "बचपन से, साहब."

गाय मी तोवर रस्त्यात बसलेली पाहिली होती. दूध म्हणजे आमच्यासाठी डेपोतली बाटली. पण आडनाव मराठी, अंग धिप्पाड, त्याला वाटलं खेड्यातला असेल. पहिल्याच दिवशी मला एका गाईनं अशी लाथ घातली की मी शेणाच्या ढिगात जाऊन बसलो, आणि सगळे टाळ्या वाजवून हसले. मला बरं वाटलं. शाळेत कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेव्हापासून सवय लागली. पडायचं, हसवायचं, उठायचं. साहेब ओरडायच्या आत आपणच आपल्यावर विनोद करायचा, म्हणजे साहेबही हसतो आणि ओरडायचं विसरतो. छत्तीस वर्षं मी याच्यावर काढली.

फार्म अरवलीच्या डोंगरात होतं. तिथून रात्री दिल्लीचा उजेड दिसायचा, पण बस सात किलोमीटर आधीच थांबायची. पुढं चालत. सगळीकडं किकरची काटेरी झाडं, लाल दगड, मोर. एक जोहड, म्हणजे पावसाचं पाणी साठणारं तळं. आणि तारेचं कुंपण, डोंगरभर. बाहेर एक गुज्जर लोकांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची केस अजून चालू आहे.

आता माझं काम सांगतो. फार्मवर चांगल्या जातीचे वळू तयार करायचे आणि खेड्यापाड्यांत द्यायचे, हा सरकारचा हेतू. शंभर गोऱ्ह्यांत दोनचार चांगले निघतात. उरलेल्यांनी गाईंकडं जाऊ नये म्हणून त्यांना खच्ची करायचं. पूर्वी खेड्यात दगडानं बडवायचे, फार हाल. आमच्याकडं मोठा लोखंडी चिमटा होता. जनावराला खोड्यात घालायचं, म्हणजे लाकडी चौकटीत उभं करून बांधायचं, मागून जायचं, शीर चाचपायची आणि चिमटा दाबायचा. रक्त येत नाही. एक टक्‌ असा आवाज येतो. झालं. मग तापलेल्या लोखंडानं मागच्या पुठ्ठ्यावर सरकारी नंबर. हाही मीच द्यायचो. डाग दिला की जनावर सरकारी. त्याआधी ते नुसतं जनावर.

मी यात तरबेज झालो, खोटं कशाला बोलू. डॉक्टर साहेब म्हणायचे, दत्तूचा चिमटा चुकत नाही. मी फार्मवरची सगळी गुरं ओळखायचो, पण मागून. तोंड दाखवलं तर सांगता यायचं नाही. लोक हसायचे. मी म्हणायचो, "आपल्याला ज्याच्याशी काम तीच बाजू आपण बघतो."

हरबीर ताऊ गुरं तोंडावरून ओळखायचा. ताऊ म्हणजे त्यांच्याकडं मोठे काका, सगळं फार्म त्याला ताऊ म्हणायचं. दिहाडीवर, म्हणजे रोजावर, गुराखी होता. मला "मरहट्टा" म्हणायचा. एवढं मोठं पागोटं, हातात काठी, पण काठी मी कधी जनावराच्या अंगाला लागलेली पाहिली नाही. मला गुरांतलं जे काय येतं ते त्यानं शिकवलं. आजारी गाय कान कशी धरते, विणारी गाय कुठं जाऊन उभी राहते, सगळं.

एकदा जोहडाच्या काठी बसून त्यानं मला सांगितलं की हा डोंगर त्यांचा आहे.

मी म्हटलं, "ताऊ, बाहेर बोर्डावर तर सरकारचं नाव आहे."

"बोर्ड पढ़ लेता है तू?"

"नाही."

"मैं भी नहीं. चल, दोनों बराबर."

मग सांगितलं. त्याच्या आजोबांच्या वेळी जीपमधून साहेब लोक आले. गावाला झाडाखाली जमवलं. म्हणाले, डोंगर तुमच्या गावाचाच राहील, शामलात, म्हणजे सगळ्यांचा मिळून. आम्ही फक्त आमच्या गाई चारणार. तुमच्या गुरांना जोहडावर पाणी, तुमच्या माणसांना इथं काम, आणि तुमच्या भूमियाचा सांड मोकळा फिरेल, त्याला कुणी अडवणार नाही. भूमिया म्हणजे त्यांचा गावदेव, आणि सांड म्हणजे त्याच्या नावानं सोडलेला वळू. आजोबांनी आणि आणखी चौघांनी कागदावर अंगठे लावले. कागद वाचून कुणी दाखवला नाही. दोन वर्षांत तारेचं कुंपण आलं. मग गुरांना पाणी बंद, मग सरपण बंद. ज्यांचा डोंगर तेच तारेच्या आत येऊन रोजावर सरकारची गुरं चारायला लागले. राहिलं एकच. सांड. तो कुंपणातल्या एका फटीतून आत यायचा, डोंगरभर फिरायचा, पाणी प्यायचा, पुन्हा गावात जायचा. कुठल्याच मॅनेजरनं त्याला अडवलं नव्हतं. ताऊ म्हणाला, "जब तक वो चलता है, पहाड़ हमारा है."

मला तेव्हा वाटलं म्हातारा बोलतोय. आम्ही बिडी ओढली आणि उठलो.

त्यांच्यात घरातलं कर्तं माणूस गेलं की त्याच्या नावानं एक गोऱ्हा सोडतात. तोच भूमियाचा सांड होतो. जुना म्हातारा झाला की नव्याची पाळी. ताऊचा मुलगा जगबीर. डोंगरात चारा राहिला नाही म्हणून तो दगडाच्या खाणीत जायला लागला. एक दिवस वरून दरड आली. पंचविशीचा असेल. मागं बायको, एक लहान पोर.

त्याच्या नावानं ताऊनं गोऱ्हा सोडला. मला बोलावलं होतं. मी गेलो. फार्मच्या फाटकापाशी सगळं गाव जमलेलं, कारण सांड तिथूनच सोडायचा रिवाज होता. गोऱ्ह्याच्या गळ्यात काळी लोकरीची दोरी, पाठीवर हळदीचे हात. ताऊनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दावं काढलं. बायका रडत होत्या. मी कुठं होतो? मी कढईपाशी होतो. शुद्ध तुपातला हलवा होता. तीनदा घेतला. गोऱ्ह्याचं तोंड कसं होतं, कपाळावर काय होतं, मला विचाराल तर काही सांगता यायचं नाही. हलवा कसा होता ते अजून सांगतो.

आणखी एक सांगायला पाहिजे. काही गावांत असा गोऱ्हा सोडताना त्याला त्रिशूळाचा डाग देतात. या गावात देत नाहीत. मी विचारलं तेव्हा ताऊ म्हणाला, "निशान उसको लगाते हैं जिसके खोने का डर हो. इसको तो सब जानते हैं." दोरी पहिल्या पावसात कुजून पडते, हळद धुऊन जाते. मग अंगावर काही नाही. आमच्याकडं अंगावर खूण नाही म्हणजे कुणाचं नाही. त्यांच्याकडं खूण नाही म्हणजे सगळ्यांचं.

तीनेक वर्षं गेली. ताऊ मुलीच्या गावी गेला होता, तिच्याकडं लग्न होतं. नेमकं तेव्हा वरून मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. फार्मवर धावपळ. दगडांना चुना, गाईंना आंघोळ. डॉक्टर साहेब नवीन बदलून आलेले. त्यांना सकाळी गाईंच्या कळपात एक वळू दिसला. भला थोरला, काळपट, नंबर नाही.

"दत्तू, ये किसका है?"

मी मागून बघितलं. पुठ्ठे कोरे. म्हटलं, "किसी का नहीं, साहब. नंबर नहीं है."

"हमारी गायें खराब करेगा. आज ही कर दो. डायरेक्टर साहब के सामने करना, डेमो हो जाएगा."

डेमो म्हटल्यावर मी फुगलो. बघायला लोक असले की मला दुसरं काही सुचत नाही. वळू इतका गरीब होता, एवढं धूड पण स्वतःहून खोड्यात चालत आला. माणसाला भ्यायचं त्याला माहीतच नव्हतं, जन्मात कुणी मारलंच नव्हतं. तेव्हा तरी डोक्यात यायला हवं होतं. मोकाट जनावर असं वागत नाही. गावातला एक गुराखी लांबून हात हलवत काहीतरी ओरडत येत होता, मला वाटलं साहेबांना सलाम करतोय. साहेब लोक खुर्च्यांवर. मी चिमटा वर करून दाखवला, म्हटलं, "साहब, आँख बंद कर लो, मर्दों से देखा नहीं जाता." सगळे खो खो हसले. टक्‌. पुन्हा टक्‌. मग डाग. केस जळल्याचा वास आला आणि टाळ्या पडल्या. रजिस्टर आणलं, मी सही केली. मास्तरांची आठवण काढून, झोकदार.

ताऊ चार दिवसांनी आला. मी त्याला लांबून बघितला. तो सरळ गोठ्यात गेला, वळूचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तसाच उभा राहिला. मग मागं येऊन डाग बघितला. मी तोवर जवळ गेलो होतो आणि मला तिथंच सगळं कळलं होतं.

मला म्हणाला, "मरहट्टे, तूने भी तो खाया था इसका हलवा."

एवढंच. ओरडला असता, काठी घातली असती, तर बरं झालं असतं. संध्याकाळी गावातले पंधरावीस जण काठ्या घेऊन फाटकावर आले. ताऊच मधे उभा राहिला. "ये तो नौकर है. नौकर को क्या मारना." ते परत गेले. त्या वाक्यापेक्षा काठी बरी.

मी मॅनेजरकडं गेलो. म्हटलं, साहेब चूक झाली, गावाचा सांड आहे, परत देऊ. तो म्हणाला, "नंबर लग गया, रजिस्टर में चढ़ गया, अब सरकारी संपत्ति है. और लेकर करेंगे क्या? अब वो सांड रहा कहाँ?"

ते खरं होतं. खच्ची केलेला देवाचा सांड होत नाही. गावानं दुसरा सोडावा, तर त्यासाठी कुणीतरी मरावं लागतं. दोन वर्षांनी एक म्हातारा गेला, त्यांनी गोऱ्हा आणला. तोवर मॅनेजरनं कुंपणाची ती फट बुजवली होती. म्हणाला, पुन्हा घोटाळा नको. माझ्या चुकीचा त्यानं असा फायदा करून घेतला. तो गोऱ्हा खाणीच्या रस्त्याकडं गेला, आणि तिथंच ट्रकखाली.

वळूचा आता बैल झाला होता. त्याला चाऱ्याच्या गाडीला जुंपायचं ठरलं. एवढं वाढलेलं जनावर जू घेईना. आडवं पडायचं. दोघातिघांनी प्रयत्न केले, एकानं आर टोचली. ताऊ आला, त्याच्या हातातली काठी काढून घेतली, बैलाच्या कानापाशी बोलला, आणि तो उठून चालायला लागला. तेव्हापासून ती गाडी ताऊच हाकायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मुलाच्या नावानं मोकळा सोडलेला, त्याला स्वतःच्या हातानं रोज सकाळी जुंपायचा आणि संध्याकाळी सोडायचा. डोंगरभर फिरायचा खरा तो, पण मागं गाडी.

मी रोज ते बघायचो. एकदा जोहडापाशी मीच विषय काढला. म्हटलं, "ताऊ, मला माफ कर." तो म्हणाला, "तू तमाखू ला." मी तंबाखू दिली. असं बारा वर्षं चाललं.

मग फार्म बंद व्हायचं ठरलं. डोंगरापर्यंत मोठा रस्ता आला होता, जमिनीला भाव आला होता. फार्मची जागा कुणा कंपनीला द्यायची असं ऐकू आलं. गावानं वकील केला. वकील म्हणाला, कागद त्यांच्या बाजूचा आहे, आपल्याला वहिवाट दाखवावी लागेल, की सरकारच्या तारेनंतरही गावाचं काहीतरी या डोंगरावर बिनविरोध चालत आलंय. गावाकडं काय होतं? सांड. आणि आता सांड म्हणजे पुठ्ठ्यावर सरकारी नंबर असलेला एक म्हातारा बैल.

महसूल खात्याचा अधिकारी जागा बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ताऊ माझ्या खोलीवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बसला नाही, उभाच राहिला.

"मरहट्टे, कल साहब पूछेगा ये नंबर किसने लगाया. तू बस सच बोल देना. गलती से लग गया, सांड गाँव का था. और कुछ नहीं चाहिए तेरे से."

मी म्हटलं, "बिल्कुल, ताऊ. ये भी कोई कहने की बात है."

त्याच संध्याकाळी मॅनेजरनंही बोलावलं. हा तिसरा का चौथा मॅनेजर. चहा पाजला. "दत्तू, रिटायरमेंट को सात महीने हैं ना? रजिस्टर में दस्तखत किसके हैं, देखा? गाँव का जानवर सरकारी बनाया, ये तो केस बनता है यार. पेन्शन लटक जाएगी. सोच लेना." रजिस्टर उघडून दाखवलं. झोकदार सही. मास्तरांनी अंगठा लावू दिला असता तर म्हणालो असतो, शाई पसरलीय साहेब, कुणाचाही असेल.

माझी बायको सुमन फार्मवरच्या खोलीत होती. तिनं माझ्याकडून सगळं ऐकलं. म्हणाली, "खरं बोला. पेन्शनचं बघू." मी म्हटलं, हो हो.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी खुर्च्या मांडल्या. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. सगळ्यांना पाणी विचारलं. एका बाजूला गाव, एका बाजूला आम्ही. ताऊ बैलाला घेऊन मधे आला. बैलाचे डोळे तोवर पांढरे व्हायला लागले होते. ताऊनं पागोटं नवीन बांधलं होतं. त्यानं सांगितलं, हा आमच्या भूमियाचा सांड, माझ्या जगबीरच्या नावानं याच फाटकातून सोडला, हा सगळा डोंगर यानं मोकळा फिरलाय, याच्या आधीच्यानं, त्याच्या आधीच्यानं.

अधिकाऱ्यानं मागं येऊन बघितलं. "इस पर तो फार्म का नंबर है. ये किसने दागा?"

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. ताऊनंही बघितलं. सगळं गाव बघायला लागलं. ती मागची वेळ होती ना, डायरेक्टर साहेबांची, तसेच सगळे डोळे माझ्यावर. मी दोन पावलं पुढं आलो. मला खरं बोलायचं होतं, देवाशपथ. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"साहब, इस फार्म पे जो हिलता था सब मैंने दागा. एक मैं ही बचा हूँ, वो भी इसलिए कि पीछे हाथ नहीं पहुँचता."

अधिकारी हसला. मॅनेजर तर मांडीवर थाप मारून हसला. शिपाई हसले. गावातलीसुद्धा दोन पोरं हसली. हसता हसता अधिकाऱ्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न तळ्याबद्दल विचारला. संपलं. तेवढ्यात झालं. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो, की आता बोलतो, आता बोलतो. कुणी पुन्हा विचारलं नाही. आणि न विचारता बोलायला लागते ती हिंमत माझ्यात नव्हती.

ताऊ हसला नाही. चिडलाही नाही. बैलाला वळवलं आणि गोठ्याकडं घेऊन गेला.

घरी सुमन भाकरी करत होती. पाठ वळवून म्हणाली, "चुकून दिला साहेब. तीन शब्द होते. दिवसभर तोंडाचा पट्टा चालतो तुमचा, तीन शब्द जड झाले." मग ती माझ्याशी किती दिवस बोलली नाही ते सांगत नाही. आता ती नाही. ती असती तर हे तिनंच लिहून घेतलं असतं, आणि जास्त कडक लिहिलं असतं.

वकील नंतर म्हणाला, तुमच्या बोलण्यानं फार फरक पडला नसता, कागद तसा पक्का होता. मुक्ताही म्हणते, पप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण ताऊ माझ्याकडं वकिलाचं काम मागत नव्हता. त्याला ते माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर, ऐकायचं होतं.

फार्म उठलं. गाई दुसऱ्या फार्मांना गेल्या. निकामी जनावरांची यादी झाली, त्यात बैल. ताऊनं अर्ज केला, मला द्या. उत्तर आलं नाही, ट्रक आला. कागदावर गोशाळा लिहिलं होतं. कुठली, ते लिहिलं नव्हतं. म्हातारं जनावर फळीवर पाय ठेवेना. हमालानं शेपटी पिरगाळली तसा ताऊ पुढं झाला. म्हणाला, "रुक. मेरी मानेगा." स्वतः आधी ट्रकमध्ये चढला आणि वरून कानाला धरून बोलत राहिला. बैल त्याच्याकडं बघत बघत चढायला लागला. अर्ध्या फळीवर पाय लटपटले. मी मागून पुठ्ठ्याला खांदा लावून रेटलं. माझा गाल त्या डागावर होता. माझी जागा तीच.

ताऊ खाली उतरला. ट्रक गेला. मी वेळेवर रिटायर झालो, पेन्शन वेळेवर येते.

डोंगराला आता भिंत आहे, तीन माणसं उंच. आत काय चाललंय बाहेरून कळत नाही. जोहड आहे की बुजवलं, गावात कुणालाच माहीत नाही. केस चालू आहे, तारीख पडते.

ह्या वर्षी ताऊ गेला. जगबीरची बायको सरोज, तिनं फोन केला. मला वाटलं फक्त कळवायला. ती म्हणाली, "चाचा, बाबा के नाम का बछड़ा छोड़ना है. आपको आना पड़ेगा."

"मी? माझं काय काम?"

"कान में बिल्ला लगाना है. बिना बिल्ले का जानवर अब निगम के गाड़ीवाले उठा ले जाते हैं. गाँव में लगाना किसी को नहीं आता. बाबा कह गए थे, मरहट्टे से लगवाना."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. मुक्ता म्हणाली, काय झालं पप्पा. मी म्हटलं, काही नाही, जुनं काम आलंय.

गेलो. अंगणात गोऱ्हा होता, लाल, कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या डोळ्याच्या वर भोवरा. उजव्या कानाला आतून काळी किनार. मी खाली बसून बघत राहिलो. सरोज म्हणाली, "चाचा, हलवा ठंडा हो रहा है." मी म्हटलं, होऊ दे.

पिवळा बिल्ला लावायचा तर मोबाइलमध्ये मालकाचं नाव भरावं लागतं. सरोजच्या मुलानं विचारलं, काय भरू? भूमिया लिहून चालेना. गाव लिहून चालेना. माणूसच पाहिजे. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि मग माझ्याकडं, की हा काहीतरी बोलेल, हसवेल. मी गोऱ्ह्याचा कान पुसत राहिलो. शेवटी सरोजनं स्वतःचं नाव दिलं. मी बिल्ला लावला. गोऱ्ह्यानं एकदा मान झटकली, एवढंच.

मग रिवाजाप्रमाणं सगळे जुन्या फाटकापाशी गेलो. म्हणजे फाटक होतं तिथं. आता भिंत. गळ्यात काळी दोरी, पाठीवर हळद. सरोजच्या मुलानं दावं काढलं. गोऱ्हा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता, गाड्या सुसाट. तो इकडं गेला नाही, तिकडं गेला नाही. आम्ही थोडा वेळ थांबलो. काय करणार, परत निघालो. तो आमच्या मागोमाग घरी आला आणि अंगणात आपल्या जागेवर उभा राहिला. सरोजनं दावं उचललं आणि पुन्हा बांधलं.

अजून तिथंच असतो, बांधलेला. मी महिन्यातून एकदा जातो. मेट्रो, मग बस, मग शेअर ऑटो, गुडघे बोंबलतात. अंगणात शिरलो की तो पाठमोरा असतो, गव्हाणीत तोंड घालून. मी भिंतीला धरून वळसा घालतो आणि पुढून जाऊन उभा राहतो.